शिडाच्या नावेतून प्राणहितेपर्यंत

बल्लारपूरहून पहाटेच्या बसने निघालो तेव्हा दिवाळीची सुट्टी नुकतीच लागली होती. कागद गिरणीचा आंबूस वास धुक्याबरोबर खाली उतरून बसमध्येही आला होता. मी नगरपालिकेच्या शाळेत शिकवते. माझे पती देविदास गिरणीत यंत्रावर. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नातेवाइकांची लग्नं आणि नागपूरची दीक्षाभूमी यापलीकडे आम्ही दोघं कुठे गेलो नव्हतो.

या प्रवासाचं कारण सुखाचं नव्हतं. उन्हाळ्यात नागपूरच्या डॉक्टरांनी देविदासांचे डोळे तपासले होते. "डोळ्यांचा पडदा वाळत चालला आहे," ते म्हणाले होते. "कडांकडून अंधार आत येत जाईल. यावर औषध नाही." किती वर्षं लागतील, हे त्यांनाही सांगता आलं नाही. दवाखान्याबाहेरच्या रसवंतीत बसल्यावर देविदासांनी रसाचा पेला रिकामा केला. मग म्हणाले, "वैनगंगेतून शिडाच्या नावेनं जाऊ. लहानपणी काठावरून पाहत होतो. बसाले कधी भेटलं नाई."

"जाऊ," मी म्हटलं. "दिसते तोवर सगळं पाहून घेऊ."

चामोर्शीला उतरलो तर आठवडी बाजार भरला होता. सुकट, नव्या धानाचे पोहे, मडकी, बांगड्या. गर्दीत देविदासांनी माझा दंड धरला. चारचौघांत ते असं कधी करत नसत, म्हणून मला थोडं लाजल्यासारखं झालं आणि बरंही वाटलं. तिथून बैलगाडीने मार्कंड्याचा घाट गाठला. काळ्या दगडाच्या देवळांमागून नदी एकदम समोर आली, रुंद, हिरवट आणि इतकी संथ की ती वाहते आहे हे काठावरच्या गवतामुळेच कळावं.

नाव लच्छूभाऊंची होती. गिरणीतल्या एका सोबत्याचे ते मामा. ढिवर (नदीवर मासेमारी करणारा समाज) असलेले लच्छूभाऊ आणि त्यांची बायको बायजाबाई मिळून नाव चालवत. पूर्वी हिच्यातून धान, मोहफुलं आणि बांबू खालच्या गावांना जात. आता माल ट्रकने जातो. शिडाला इतकी ठिगळं होती की मूळ कापड कोणतं ते ओळखू येत नव्हतं.

"तुमी कोण्या कामानं चालले?" लच्छूभाऊंनी विचारलं.

"फिराले," देविदास म्हणाले.

"नुसतंच फिराले?" ते हसले. बायकोला ओरडून म्हणाले, "ऐकलं काय वो? नुसतंच फिराले!"

उत्तरेचा वारा सुटला आणि शीड फुगलं. नाव काठापासून सुटताना पोटात जो हलकेपणा येतो, तो मला फार आवडला. दोन्ही बाजूंना धानाची पिवळी शेतं, मग बांध, मग जंगल सुरू झालं. सागाची पानं मोठी होऊन खाली झुकली होती. मी सारखी दाखवत होते. "ते पाहा बगळे." "तो पाहा, दगडावर कासव." देविदास मान वळवून म्हणत, "हो, हो. मस्त आहे."

दुपारी बायजाबाईंनी वाळूवर चूल मांडली. झिंग्यांचा (गोड्या पाण्यातल्या कोळंबीचा) रस्सा, वर भरपूर सांबार (कोथिंबीर) आणि मोकळा भात. जंगलातून एक म्हातारे गोंड गृहस्थ खांद्यावर कुऱ्हाड घेऊन आले, आमच्यात बसले, जेवले आणि जाताना देविदासांच्या हातात सीताफळ ठेवून गेले. देविदासांनी ते फळ पाहिलं नाही, चाचपलं. मला तेव्हा काहीच कळलं नाही.

संध्याकाळी एका गावाच्या काठाला नाव बांधली आणि तिथल्या समाजमंदिरात झोपलो. दिवेलागण होताच देविदास भिंतीला टेकून जे बसले ते उठलेच नाहीत. थकले असतील, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी खडक लागले. पात्रात काळ्या शिळा वर आल्या होत्या आणि त्यांच्यामधून पाणी आवाज करत धावत होतं. लच्छूभाऊंनी शीड उतरवलं आणि बांबू रोवत नाव अलगद बाहेर काढली. पलीकडे खोल डोह होता. तिथे आम्ही पाय मोकळे करायला उतरलो. परत चढताना लच्छूभाऊंनी सांगितलं, "इकडून या भाऊ, फळीवरून." फळी समोरच होती, हातभर रुंद. देविदासांनी पाऊल टाकलं ते फळीच्या बाजूला, सरळ पाण्यात.

ते ओरडलेही नाहीत. एकदम दिसेनासे झाले. मी किंचाळले. बायजाबाईंनी लुगडं खोचलं न खोचलं आणि उडी टाकली, पाठोपाठ लच्छूभाऊंनी. दोघांनी त्यांना काखेत धरून वर आणलं. वाळूवर पालथं घातल्यावर तोंडातून पाणी आलं, खोकला आला आणि मग श्वास सुरू झाला. मी त्यांची पाठ चोळत राहिले. चोळणं आणि मारणं यांत फरक राहिला नव्हता.

"फळी दिसली नाई काय तुमाले?" मी विचारलं. "समोर तर होती!"

ते उठून बसले. ओल्या केसांतून वाळू गळत होती. त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून एक वर्तुळ केलं आणि डोळ्यापुढे धरलं.

"एवढंच उरलं आहे," ते म्हणाले. "दूरचं समोर असलं त दिसते. पायाजवळचं नाई. बाजूचं त नाईच."

"कधीपासून?"

"पोळ्याच्या आधीपासून."

म्हणजे पावसाळ्यातच नजर आटली होती. सायकल बिघडली म्हणून ते पायी जाऊ लागले, पाहुण्यांत बसायचं टाळू लागले, ताटातलं चाचपून खाऊ लागले. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं होतं.

"मग काऊन नाई सांगितलं मले?"

"तू म्हणत होती ना, दिसते तोवर पाहून घेऊ. तुले वाटत होतं, अजून वेळ आहे. म्हटलं, वाटू दे. सांगितलं असतं त तू नावेत बसलीच नसती. मले धरून दवाखाने फिरत राह्यली असती."

"आणि कालपासून मी दाखवून राह्यली, ते?"

"काही सापडलं. काही नाई." त्यांनी तोंडावरची वाळू पुसली. "पण तू दाखवत होती ते बरं वाटे."

मी उठून पाण्याच्या कडेला गेले. बायजाबाई ओल्या लुगड्यानिशी जवळ येऊन उभ्या राहिल्या. "रडाचं असन त रडून घे बाई," त्या म्हणाल्या. "मग चहा ठेवतो." त्यांच्याकडे बायकाही असंच बोलतात, ठेवतो, जातो. मी रडले. त्यांनी मला गप्प केलं नाही. मग काळा चहा झाला, गुळाचा, आणि आम्ही चौघांनी तो प्यायला.

"परत फिरू काय?" लच्छूभाऊंनी विचारलं.

"नाई," देविदास म्हणाले. "संगम पाहाचा आहे."

चपराळ्याच्या जंगलाजवळ वर्धा नदी उजवीकडून येऊन वैनगंगेला मिळते आणि पुढे दोघी प्राणहिता होतात. ऊन कलतं होतं. वर्धेचं पाणी मातकट, वैनगंगेचं हिरवं. बरंच अंतर दोन्ही रंग शेजारी शेजारी वाहत होते. मी देविदासांच्या मागे बसले, दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरलं आणि हळूहळू वळवलं.

"इथं?"

"थोडं खाली. हां. हे मातकट आहे."

"आता?"

"हे हिरवं." ते म्हणाले, "दोन्ही एका वेळी नाई दिसत. मधली रेघ दाखव." मी इकडेतिकडे करत राहिले. एकदा ती रेघ त्यांना सापडली असावी, कारण त्यांनी श्वास रोखला आणि माझं मनगट धरून मला थांबवलं. नाव वाहत होती, त्यामुळे रेघ लगेच निसटली.

तिसऱ्या दिवशी अहेरीच्या घाटावर उतरलो तेव्हा काठावर तेलुगू कानावर पडू लागली होती. लच्छूभाऊंनी देविदासांचा हात धरून त्यांना पायऱ्या चढवल्या. "ही शेवटचीच खेप म्हणा ना," ते म्हणाले. "आता फळ्या सुट्या करून विकतो. पोराले सायकलचं दुकान टाकाचं आहे." त्या दोघांचा परतीचा प्रवास प्रवाहाविरुद्ध होता. शीड गुंडाळलेलं होतं. लच्छूभाऊ बांबू रेटत होते आणि बायजाबाई कमरेएवढ्या पाण्यातून दोर ओढत चालल्या होत्या. वळण येईपर्यंत मी पाहत राहिले. देविदासांनी विचारलं, "गेले?" मी म्हटलं, "गेले."

आलापल्लीहून बस सागाच्या जंगलातून निघाली. गोंडपिपरीच्या पुढे अंधारलं. खिडकीशी बसण्यासाठी देविदासांनी हट्ट केला होता, आणि वाऱ्याकडे तोंड करून ते बल्लारपूरपर्यंत तसेच बसून राहिले.

पुढचा उन्हाळा संपता संपता तेवढंही उरलं नाही. त्यांनी गिरणी सोडली. आता संध्याकाळी ते ओट्यावर बसतात, शेजारी येऊन गप्पा करतात. परवा कोणीतरी विचारलं, "नावेतून काय काय पाह्यलं, देविदासभाऊ?" मी आत भाजी चिरत होते. मला वाटलं, आता मी सांगितलेले बगळे आणि कासव सांगतील.

"संगमाच्या पुढं एक बाई होती," ते म्हणाले. "पलीकडच्या काठाले. पाण्यात उभी राहून म्हशीले धूत होती. जांभळं लुगडं. आमची नाव पाहून तिनं हात वर केला. मीही केला."

मी विळी ठेवून बाहेर आले. कोणती बाई? कधी? मला ती आठवेना, कारण मी ती पाहिलीच नव्हती. त्या डोहानंतर अहेरी येईपर्यंत मी नदीकडे फारसं पाहिलंच नव्हतं. मी देविदासांच्या तोंडाकडे पाहत होते.