मेंढी पॅनेलवर चढत नाही

जमीन मोजणाऱ्या पथकात टेप धरण्यापासून मी सुरुवात केली. आज सौरऊर्जेची ही कंपनी माझ्या सहीनं चालते. सोलापुरात सत्कार होतात, तेव्हा मधली सगळी वर्षं सांगतो. एक अहवाल तेवढा गाळतो. आता गाळायचाही कंटाळा आलाय.

सांगोल्याकडच्या एका गावाचं गायरान आम्हाला पॅनेलसाठी हवं होतं. एक मेंढपाळ आबा अडून बसले होते, कारण त्यांची मेंढरं तिथंच चरायची. मी म्हणालो, "पॅनेलं उंच बसवू आबा, मेंढरं खालून चरतील." त्यांनी कळपातला सगळ्यात उंच एडका शिंगं धरून ओढत आणला आणि माझ्या टेपेशेजारी उभा केला.

"हां, लिव्ह आता. डोसक्याच्या वर चार बोटं धर. आन् टेप रबराची न्हाय न्हवं तुजी?"

लोक हसले. मी उंची वहीत लिहून घेतली. ग्रामसभेत आबांनी हात वर केला, मग बाकीच्यांनीही.

पुढं वरच्या साहेबांना ती उंची जड वाटू लागली. लोखंड जास्त लागत होतं. त्यातच कुणाचीतरी शेळी नमुन्याच्या पॅनेलवर चढली आणि काच तडकली. माझ्याकडं अहवाल मागितला. मी लिहिलं, 'शेळ्या-मेंढ्या पॅनेलवर चढतात, सबब जनावरं आत सोडू नयेत.' शेळी चढते. मेंढी चढत नाही, हे मला चांगलं माहीत होतं. शेळ्यांना मेंढ्या जोडल्या, एवढंच केलं. पॅनेलं कमी उंचीवर बसली, कुंपण पडलं, मी प्रकल्प अधिकारी झालो. तिथून वरचा रस्ता मोकळाच होता.

यंदा ऑफिसातल्या एका तरुण मॅनेजर बाईंनी प्रस्ताव आणला. नव्या प्रकल्पात पॅनेलं उंच बसवू, गवत खायला मेंढरं सोडू. "शेळ्या चढतात सर, मेंढ्या नाही चढत," त्या मला समजावून सांगत होत्या. मी मान हलवत राहिलो. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर न घेता गावाला गेलो.

आबांनी ओळखलं. "लई मोटं झाला म्हणं तुमी?" त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला. मेंढरं कधीच विकली होती; सून आमच्याच ठेकेदाराकडं पॅनेलं पुसायला जाते.

मी सांगून टाकलं.

"वरच्यांनी लिव्हाय लावलं आसंल," ते म्हणाले.

"नाही. मेंढ्या मीच घातल्या."

"मेंढरू चढताना कवा बगितलंस?" अहो-जाहो संपलं होतं.

"कधीच नाही."

"गाव आजून म्हनतंय, म्हाताऱ्याच्या मेंढरांनी काच फोडली. मला बी तेच वाटाय लागलं हुतं." मग आत बघून म्हणाले, "चहा ऱ्हाऊ दे गं." काठी घेऊन उठले. "चल. पारावर माणसं बसल्यात. त्यांना सांग."

पारावर सात-आठ जण होते. मी उभ्यानं सगळं सांगितलं. आबा माझ्याकडं नाही, त्यांच्याकडं बघत होते. कुणी शिवी दिली नाही. एकानं विचारलं, "मग सायेब, कुंपण कवा काढताय?"

कुंपण काढलं, तरी तिथल्या पॅनेलांखालून मेंढरू जात नाही.