बंधाऱ्याची किल्ली शिकागोत

शिंदजवळ्याचे मोहनराव मुलाकडे अमेरिकेला निघाले, तेव्हा विमानतळावरचं तपासणीचं यंत्र त्यांना बघून जे कोकलायला लागलं ते थांबेचना. वहाणा काढल्या, घड्याळ काढलं, खिशातली चिल्लर काढली, तरी त्याचं रडगाणं चालूच. शेवटी तिथल्या जवानानं कमरेला हात लावून पाहिला, तर सदऱ्याखाली करदोड्याला बांधलेली ही एवढी लोखंडी किल्ली!

"हे काय आहे, काका?"

"बंधाऱ्याची हाय," मोहनराव ऐटीत म्हणाले. बंधाऱ्याची किल्ली म्हटलं की समोरच्यानं दोन पावलं मागं सरकायचं, हा त्यांचा शिरूर कासार तालुक्यातला अनुभव. त्या बिचाऱ्या पोराला काय ठाऊक! व्हा पुढं, म्हणाला.

आता या किल्लीची भानगड सांगितलीच पाहिजे. गावाच्या खालच्या अंगाला सिंदफणा नदीवर एक बंधारा आहे. पावसाळाभर त्याच्या मोऱ्या उघड्या असतात. पावसाचा जोर ओसरला की मोऱ्यांत लोखंडी दारं बसवायची, म्हणजे पाणी अडतं आणि त्याच्या जिवावर गावाची ज्वारी, हरभरा, विहिरी, सगळं उन्हाळ्यापर्यंत निभतं. ही दारं भंगारवाले रातोरात लांबवतात, म्हणून ती एका खोलीत कुलूपबंद असतात. मोहनराव सरपंच होते तेव्हा त्यांनी ते कुलूप आणलं आणि किल्ली आपल्या करदोड्याला बांधली. पुढं सरपंचकी गेली. पुढच्या निवडणुकीत पडले, त्याच्या पुढच्या वेळी उभेच राहिले नाहीत. पण किल्ली काही कमरेची सुटली नाही. दसरा झाला की आबांनी, म्हणजे मोहनरावांनीच, खोली उघडायची, आबांनी नारळ फोडायचा, मगच दारं बसायची. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते उगीच नाही.

निघायच्या दिवशी उपसरपंच बबनरावांनी वेशीत हार घातला. किल्ली द्यावी म्हणून मोहनरावांचा हात कमरेपर्यंत गेलासुद्धा, आणि तिथूनच माघारी फिरला. "दसऱ्याच्या आत येतोच की!" म्हणत ते गाडीत बसले. परतीचं तिकीट दिवाळीनंतरचं होतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

शिकागोत मुलाचं, शिवशंकरचं घर पार उंचावर, ढगाला हात लागेल अशा मजल्यावर. मुलगा-सून दोघं कामाला. मोहनराव खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत घाण्याच्या बैलासारखे फिरत. गावात घराबाहेर पाऊल टाकलं की "राम राम आबा" सुरू व्हायचं, इथं लिफ्टमध्ये माणूस शेजारी उभा राहून छताकडं बघतो! एका जागी बूड टेकेना, टीव्ही कळेना, झोप लागेना. त्यात दसरा येऊन गेला, आणि बबनरावांचे फोन सुरू झाले.

"आबा, पाऊस उघडला. नदी चांगली वाहतीया. दारांचं कसं करायचं?"

"थांब जरा. सांगतो."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. "आबा, पाणी चाललंय बघा खाली."

"सांगतो म्हणलं ना बे!"

शिवशंकर म्हणाला, "आबा, कुलूप तोडा म्हणावं. एका घणाचं काम आहे."

"कावून तोडायचं? बेवारशी हाय का ते?"

"मग गावानं उन्हाळ्यात काय प्यायचं?"

मोहनराव उसळले. पोरगं बरोबर बोलत होतं, हेच तर दुखत होतं. रोज उठून वाहणारं पाणी त्यांच्या डोळ्यांपुढं यायचं. 'तोड कुलूप' एवढे दोन शब्द बोलायचे होते. पण कुलूप तुटलं की नारळ बबनराव फोडणार, आणि आबांशिवाय दारं बसतात हे एकदा गावाला कळलं की मग आबा कशाला हवेत? सदरा-धोतरातला एक म्हातारा, बस्स. या विचारानं ते पुन्हा खिडकीकडं चालू लागत.

आणखी एक सल होता, त्याचं नाव ते कुणापाशी काढत नसत. हे वाहतं पाणी जात होतं टाकळवाडीला. नदीवर तेच खालचं गाव, आणि तिथं त्यांची धाकटी बहीण चंद्रभागा दिलेली. शिंदजवळ्याची दारं बसली की टाकळवाडीचा बंधारा कोरडा ठणठणीत. काही वर्षांमागं ती खास त्यासाठी आली होती. "दादा, आधी आमचा भरू दे, मग तू दारं टाक. आठ-पंधरा दिसांचा तर सवाल हाय." मोहनराव भर पारावर म्हणाले होते, "पाणी काय भाऊबीजेची ओवाळणी हाय व्हय, मागितली की ताटात टाकायला?" माणसं खो खो हसली. चंद्रभागाबाई पदर सावरून निघून गेली, आणि त्या सालापासून भाऊबीजेला आलीच नाही.

शनिवारी सकाळी सुनेनं, ऋतुजानं, सासऱ्याची ही येरझार बघून फर्मान काढलं. "चला आबा, आज तुम्हाला या शहराचा इतिहास दाखवते. होडीतून."

नदी शहराच्या मधोमध, दोन्ही काठांना उंच उंच इमारती. ऋतुजानं सांगितलं, हे गाव एकदा जळून खाक झालं होतं आणि राखेतून पुन्हा उभं राहिलं. त्याच्याही आधी सगळीकडं दलदल, म्हणून इमारतीच्या इमारती खालून जॅक लावून वर उचलल्या होत्या, आतली माणसं आत असताना. मोहनराव मान हलवत होते, पण लक्ष फोनकडं. बबनरावांचा आज अजून फोन आला नव्हता, याचीही हुरहूर.

"आणि आबा, ही नदी उलटी वाहते."

"हॅट! नदी कुठं उलटी वाहती व्हय?"

"पूर्वी ती तळ्याला मिळायची. शहराची सगळी घाण तिच्यातून तळ्यात, आणि प्यायचं पाणीही त्याच तळ्यातलं. माणसं आजारी पडून मरायची. मग यांनी मोठा कालवा खोदला आणि नदीच फिरवली. आता ती तळ्यातून बाहेर वाहते."

मोहनराव ताडकन सरळ बसले. तीस वर्षांच्या राजकारणात त्यांनी वळवायच्या पाण्यावर शंभर भाषणं ठोकली असतील, वळलेलं पाणी आज पहिल्यांदा बघत होते. डोळे चमकले. "मग उद्घाटनाला कोण होतं गं? मोठा मंडप घातला असंल!"

"कसलं उद्घाटन! कडाक्याच्या थंडीत, भल्या सकाळी, गुपचूप बांध फोडला. हार नाही, पाहुणे नाहीत."

"गुपचूप? एवढं काम करून? कावून?"

"खालचे लोक कोर्टात निघाले होते ना. अडवतील म्हणून घाई केली."

"खालचे म्हंजे?"

"ज्यांच्या गावाकडं मग ही सगळी घाण गेली ते, आबा. इथल्यांचा प्रश्न सुटला, त्यांच्या दारात गेला. ते पुढं भांडले, पण हरले."

हिरवट पाणी होडीखालून मुकाट चाललं होतं, जिकडं जायला सांगितलं तिकडं. खालचे, हा शब्द त्यांच्या कानात घोंघावत राहिला. पारावरचं ते हसणं आठवलं, पदर सावरणारी चंद्री आठवली, आणि लाज वाटली. खरोखर लाज वाटली. इतक्यात फोन वाजला. बबनराव असणार म्हणून त्यांनी घाईनं कानाला लावला.

"दादा, मी चंद्रभागा."

"बोल, चंद्रे. बरी हायस ना?"

"बरी हाय. आमचा बंधारा भरला, दादा. सांडव्यावरनं पाणी चाललंय. सगळं गाव बघाया गेलतं." ती थांबली. "येक इचारू? तू किल्ली मुद्दाम नेलीस ना? आमचं भरावं म्हून?"

हो म्हणायचं, बस्स. आयुष्यभर दुसऱ्यांनी बांधलेल्या रस्त्यांवर आपल्या नावाच्या पाट्या लावल्या, त्या माणसाला एक 'हो' जड आहे का? जिभेवर आलं होतं. बहीण परत मिळत होती, वर उपकाराचं माप पदरात पडत होतं. त्यांनी होडीचा कठडा घट्ट धरला.

"न्हाई गं," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? माझ्याच्यानं ती कमरेची सुटंना, म्हून आली. तुझा इचार मनात आलाच न्हाई बघ."

मग चंद्रभागाबाई म्हणाली, "ते ठाऊकच हाय मला. हो म्हणला असतास तर फोन ठिवला असता, पुन्हा केला नसता. भाऊबीजेला न्हाईस तू, पण पुढल्या खेपेला येते मी." आणि रडू आवरल्यासारखं नाक ओढून तिनं फोन ठेवला.

मोहनरावांनी दम खाल्ला नाही. लगेच बबनरावांना फोन लावला. "बबन्या, तोड कुलूप! वाट बघू नको माझी."

पलीकडून नुसतं खाकरणं. "आबा... रागवू नगा. ते कवाच तोडलंय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी."

"काय? मग दारं?"

"दारं टाकली न्हाईत. पारावर बसलो समदे. माणसं म्हणली, औंदा पाऊस लई झालाय, खालच्यांचं एकदा भरू द्या. लई वर्सांची मनात होती गोष्ट. तुमच्यापुढं कोण बोलणार? आता त्यांचं भरलंय, नदीला अजून धार हाय. उद्या टाकतो म्हणतोय."

मोहनरावांना होडी हलल्यासारखी वाटली. कोंबडं झाकून ठेवलं होतं, आणि तिकडं कधीचं फटफटलं होतं. राग यायला हवा होता, पण आला तो हुंदका. तो गिळून त्यांनी उरलंसुरलं मोठेपण गोळा केलं.

"मग असं करा. नारळ चंद्रीच्या हातनं फोडा. तिला बोलवा. मी सांगितलंय म्हणावं."

"तेच ठरलंय, आबा. त्या येणार हायेत सकाळी."

म्हणजे तेही. एवढी एक गोष्ट द्यायला उरली होती, तीसुद्धा देऊन झाली होती. ऋतुजा काळजीनं सासऱ्याच्या तोंडाकडं बघत होती. मोहनरावांचा हात आपोआप कमरेकडं गेला. किल्ली जागच्या जागी होती, आणि तिचं कुलूप आता जगात कुठंच नव्हतं.

"समदं तुमीच ठरवलं," ते कसंबसं म्हणाले, "तर मला रोज फोन कावून करत होता बे?"

बबनरावांनी आवाज खाली आणला. मग म्हणाले, "तुमी हो म्हणावं म्हून, आबा. समदे रोज पारावर इचारायचे, आबा हो म्हणले का? आताबी बसलेत हितं."

मोहनरावांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. होडी काठाला लागत होती, लोक उतरायला उठले होते.

"हो म्हणतो," ते म्हणाले. "सांग त्यांना. आबा हो म्हणले."