ताईच्या वजनावर बसवलेली गाडी

माझे दाजी धारचे. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आले आणि इथलेच झाले. आमचं घर त्यामानाने कालचं. वडील देवासच्या कारखान्यात नोकरीला लागले म्हणून आम्ही देवासचे. ताईचं लग्न धारला झालं, तेव्हापासून सुट्टी लागली की मी धारची बस पकडायचो. जेवणाचं निमित्त असायचं, पण खरी ओढ दाजींच्या गॅरेजची.

एकविसावं शतक नुकतंच लागलं होतं. नालछ्याच्या पुढे मांडूच्या रस्त्यावर एका हॉटेलवाल्याने पर्यटकांना फिरवायला दोन क्वाड बाईक आणल्या होत्या. मोटरसायकलसारखं हँडल, पण चाकं चार, आणि तीही भोपळ्यासारखी फुगीर. त्यातल्या एकीचं इंजिन जाम झालं आणि ती दाजींच्या दारात आली. दाजींनी इंजिन नवं करून टाकलं, तेव्हा हॉटेलवाला म्हणाला, "भिया, अब तुम ही रख लो, मेरे यहाँ तो एक ही बहुत है."

गल्लीत तिचं नाव पडलं चारचाकी फटफटी. ताई तिच्यावरून शेतातला चारा आणायची. मुलींच्या शाळेत शिकवायला ती वर्षानुवर्षं लूनावर जात होती, त्यामुळे तिला कशाची भीती नव्हती.

मग पीथमपूरच्या काही गाडीवेड्या पोरांनी सरळ धावेची शर्यत ठरवली. औद्योगिक भागात एक नवा रस्ता तयार होऊन पडला होता, अजून वाहतूक सुरू नव्हती. त्यांनी रीतसर परवानगी काढली. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, झेंडा पडला की सरळ सुटायचं. हॉटेलवालाही त्याची उरलेली क्वाड पाठवणार होता. मग दाजी मागे कसे राहणार?

मागच्या शेतात त्यांनी एकदा जोरात क्लच सोडून पाहिला. पुढची दोन्ही चाकं आभाळाकडे गेली आणि दाजी मागच्या मागे गवतात बसले.

"घोडी बिचकली!" ताई खिडकीतून ओरडली.

गाडी दगडधोंड्यांतून चालावी म्हणून मागून उंच ठेवलेली होती. सरळ धावेला ते उपयोगाचं नाही. वजन जितकं वर, तितकी पुढची चाकं सुटतात. पुढून खाली घेणं सोपं होतं, ते दाजींनी लगेच केलं. मागच्या शॉकरच्या स्प्रिंगवर एक आट्यांची रिंग असते, ती हुकच्या पान्याने सैल केली की मागचा भाग खाली बसतो. पण किती बसवायचा? फार खाली गेला तर टायर मडगार्डला घासतं. शिवाय माप घ्यायचं ते माणूस वर बसलेला असताना, आणि सपाट जमिनीवर. मी कारखान्यात तपासणी विभागात होतो, त्यामुळे सपाट म्हणजे सपाटच, यावर अडून बसलो.

गॅरेजची जमीन मोरीकडे उतरती. अंगण खडबडीत. अख्ख्या घरात एकच जागा सपाट होती: बैठकीतली कोटा फरशी, जी दाजींच्या आईंनी स्वतः उभं राहून बसवून घेतली होती. त्यांना सगळे आईसाहेब म्हणत. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी दाजी त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"आईसाहेब, गाडी जरा बैठकीत आणू?"

"पाहुणी आहे का ती?"

"थोड्या वेळाकरता."

आईसाहेबांनी विचार केला. "बिछायत उचला. आणि आधी तिचे पाय धुवा."

आम्ही चारही चाकं घासून धुतली, पुसली आणि गाडी ढकलत आत आणली. मागच्या दोन्ही टायरांची हवा सारखी केली. दाजी डावीकडे पालथे पडले, मी उजवीकडे. दोघांच्या हातांत फूटपट्ट्या. दोन्ही बाजूंचं माप एकाच वेळी जुळायला हवं होतं.

"कोणी तरी वर बसा!" दाजी फरशीवरून ओरडले.

ताई पोळ्या करत होती. कणकेचे हात तसेच उंच धरून ती आली आणि बसली.

"हलू नकोस."

"तव्यावर पोळी आहे."

"जरा उसळी मार. हां. आता शांत बस."

उसळी मारायची ती स्प्रिंग कुठे अडकली असेल तर मोकळी व्हावी म्हणून. मग माप, मग पाना, पुन्हा ताईची उसळी, पुन्हा माप. मागच्या चाकांना धरणारा चिमटा खालीवर झाला की चेनचा ताण बदलतो, म्हणून तीही नीट केली. आईसाहेब आरामखुर्चीतून बघत होत्या. पोळी जळली. पण मापं दोन्हीकडे जुळली तेव्हा दाजींनी आडवं पडूनच माझ्याशी हात मिळवला.

सकाळी आम्ही सगळे पीथमपूरला गेलो. जीपमध्ये आईसाहेब, मागे ट्रॉलीवर गाडी. रस्त्याकडेला पोह्यांचा ठेला लागला होता, गर्दी चांगली होती. सरावाला दाजी हेल्मेट घालून बसले, तशी गाडी मागून अशी दबली की म्हैस पाण्यात बसावी. ते थोडे पुढे गेले आणि जळक्या रबराचा वास आला. टायर मडगार्डला घासत होतं.

दाजी खाली वाकून बघू लागले. मीही वाकलो. सगळं तर जुळवलं होतं!

ताई हसायला लागली. "अहो, माप माझ्या वजनावर घेतलंत तुम्ही."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दाजी पैलवानी देहाचे, ताई त्यांच्या निम्मी. संध्याकाळभर दोघांच्याही डोक्यात ते आलं नव्हतं.

हुकचा पाना सोबत होता. दाजींनी तो हातात घेतला, रिंगवर लावलासुद्धा. मग थांबले.

"मी बसलो तर ही पुन्हा उंच करावी लागेल, आणि पुढून पुन्हा उचलली जाणार," ते म्हणाले. "तू चालवशील?"

ताईचं हसू एकदम थांबलं. तिने जीपकडे पाहिलं. आईसाहेब छत्री धरून बसल्या होत्या.

"माझ्याकडे काय बघतेस, सूनबाई?" त्या म्हणाल्या. "तुझ्या बेताने शिवलेला कपडा दुसऱ्याला कसा येणार? ओढणी नीट बांध म्हणजे झालं."

मी ओढणी तिच्या कमरेला गच्च बांधली. हेल्मेट सैल होतं, आत रुमाल कोंबला. रेषेवर शेजारी हॉटेलवाल्याची क्वाड, तिच्यावर इंदूरचा एक तरुण. तो ताईला म्हणाला, "दीदी, आराम से."

झेंडा पडला. ताईने चारा आणताना सोडायची तसा क्लच हलक्या हाताने सोडला. गाडी मागून जराशी बसली, पुढची चाकं जमिनीला चिकटून राहिली, आणि ती सुटली. त्या तरुणाची क्वाड पुढून उचलली गेली; त्याला गॅस कमी करावा लागला. तो परत वेगात येईपर्यंत ताई शेवटची रेषा ओलांडून गेली होती. दाजी तिच्यामागे धावत होते, का ते त्यांनाही माहीत नसावं.

पुढची धाव एका मोठ्या मोटरसायकलशी होती. तिने ताईला सहज मागे टाकलं. ताई परत आली ती तरीही हसतच, चेहरा धुळीने माखलेला.

"अजून थोडी खाली घ्या," ती दाजींना म्हणाली. "आणि तुमचा तो क्लच फार कडक आहे."

"घेतो," दाजी म्हणाले, आणि तिथेच रस्त्यावर पालथे पडले.

इंदूरचा तो तरुण पोह्याच्या प्लेटा घेऊन आला, एक ताईसाठी, एक आईसाहेबांसाठी. त्याला जाणून घ्यायचं होतं की मागची हाइट किती ठेवलीय. आईसाहेबांनी त्याला आधी त्याचं वजन विचारलं.