अमोघसाठी पिशवी

चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या रक्तपेढीत विद्युलताचं काम स्थळं जुळवण्यासारखंच होतं. बाळंतपणानंतर नाळ टाकूनच देतात. आईच्या संमतीने त्या नाळेतलं रक्त पिशवीत गोठवायचं आणि एखाद्या रुग्णाशी त्याचे गुण जुळतात का, ते बघायचं. नुसते गुण जुळूनही भागत नाही. रुग्णाच्या वजनाला पुरतील एवढ्या पेशी हव्यात.

२००६ साली तिने अमोघसाठी मोठ्या खटपटीने एक पिशवी शोधली. पोराला थॅलसेमिया, बाहेरचं रक्त चढवल्याशिवाय महिना सरत नसे. गुण बऱ्यापैकी जुळले, पेशी जेमतेम पुरत होत्या. त्या पेशींचं प्रत्यारोपण तोंडावर आलं, डॉक्टरांनी नवं वजन कळवलं आणि विद्युलताने कपाळावर हात मारला. पोरगा गुटगुटीत झाला होता! पिशवी आता अपुरी.

ती तडक इस्पितळाच्या वॉर्डात गेली. अमोघची आजी अन्नपूर्णाबाई नावाला जागून नातवाला तूपभात भरवत होत्या. घराणं तंजावरचं, बाजारात तमिळ, माया आणि राग मात्र मराठीत.

"आजी, एवढं कशाला भरवलंत?"

"अय्यो! एवढी मोठी चिकित्सा होणार, लेकराच्या अंगात बळ नको?"

"तुमच्या तुपाने पिशवी लहान पडली हो!" विद्युलताने सगळं समजावलं.

आजींच्या हातातला घास तसाच राहिला. "म्हणजे मीच घात केला?" त्या रडू लागल्या. विद्युलताला स्वतःच्या जिभेचा भयंकर राग आला.

ती पुन्हा शोधायला बसली. जुन्या पिशव्यांत काही नव्हतं. मग नुकत्याच तपासून झालेल्या पिशव्यांत एक सापडली. एका गुटगुटीत मुलीच्या नाळेची, पेशींनी भरलेली आणि गुण सगळेच्या सगळे जुळणारे! पहिलीपेक्षा कितीतरी सरस. आधी शोधलं तेव्हा ती तपासून झालीच नव्हती. विद्युलता चक्क नाचली.

त्या पेशी अमोघच्या हाडांत रुजल्या. आता त्याला कुणाचं रक्त लागेना. अन्नपूर्णाबाई पेढे घेऊन आल्या.

"कुणाची गं ती मुलगी?"

"नाव सांगता येत नाही, आजी. पिशवी कुणाला गेली, ते तिच्या आईलाही ठाऊक नाही."

"बरं, नको सांगूस. चेन्नईतलीच ना?"

विद्युलताने हसून पेढा तोंडात टाकला. आजींना तेवढं पुरलं. तेव्हापासून देवळात, बसमध्ये, समुद्रावर कुठेही कडेवरची मुलगी दिसली, की त्या कानशिलावर बोटं मोडून तिची दृष्ट काढत आणि नातवाला पुढे ढकलत.

"हात जोड रे. तुझी बहीण असेल ही."