मासळीवरचा आळ

शेवंतीबाई बोलताना तोंडावर पदर धरायच्या. नाव सांगतानासुद्धा. परळच्या इस्पितळात मी तेव्हा नवा निवासी डॉक्टर होतो. मला वाटले, बाई लाजतात.

"लाज कसली, डॉक्टरानु? बावीस वर्सां गिरणीच्या वायंडिंगात सूत गुंडाळण्यात काढलंय. कापसाचो तूस नाकातोंडात जाता म्हणान पदर धरूचो. गिरण बंद पडली, पण हात अजून कामार जाता."

पदर बाजूला केला तेव्हा वरचा ओठ भाकरीसारखा फुगलेला दिसला. तीन दिवसांत आपोआप उतरायचा, महिनाभराने पुन्हा यायचा. मी विचारले, "काल कालवण कशाचं होतं?"

"चार वर्सां झाली, बांगडो नाय, सुंगटां नाय, मासळीच नाय. तरी ओठ सुजततच."

"मग चटणीत सुकट असेल."

"माझ्या घरात मी एकटी. चोरून सुकट घालूक कोण येतलो?"

ओळीतल्या बायका हसल्या. मीही हसलो आणि केसपेपरवर 'मासळीची ॲलर्जी' लिहून खाज कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या. खाज येते का, हे विचारलेच नाही.

त्या काळाचौकीच्या एका चाळीत राहत. गिरण्यांच्या संपात नवरा गावी गेला, 'मिटलो काय येतंय' म्हणाला, तो परतलाच नाही. त्याच सुमारास हे ओठ सुजणे सुरू झाले. पहिल्यांदा सुजले ते समोरच्या खोलीतल्या रुक्मिणीवहिनींकडचे बांगड्याचे कालवण खाल्ल्यावर. तोवर दर रविवारी कालवणाची वाटी गॅलरी ओलांडून इकडून तिकडे जायची. त्या दिवसापासून ती थांबली. वहिनी म्हणाल्या, "तुका काय झाला तर आमच्या अंगार येतला." मग बाकीच्या घरांनीही हात आखडता घेतला. शेवंतीबाई एकट्याच पेज करून, दार लोटून जेवू लागल्या.

आठवड्याभराने त्यांना वॉर्डात आणले तेव्हा आवाज बसला होता. सूज घशात उतरली होती. श्वासनलिकेत नळी घालायची तयारी करून आम्ही उशाशी उभे राहिलो. ॲलर्जीच्या इंजेक्शनने सूज उतरेना, म्हणून प्लाझ्मा चढवला. नळी लागली नाही, एवढेच नशीब.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उशीखालून प्लास्टिकची पिशवी काढली. आत चार वर्षांचे केसपेपर, गिरणीच्या सुताने बांधलेले. सांधे दुखतात म्हणून हाडांच्या विभागात दाखवलेले, उन्हात गाल लाल होतात म्हणून त्वचेच्या, ओठांसाठी कान-नाक-घशाच्या. त्यांनी ते तारखेप्रमाणे लावले होते. आधी सांधे, मग आठ दिवसांत ओठ, असे दर वेळी.

"सूत तुटला काय दोन टोकां शोधूची नि गाठ मारूची," त्या म्हणाल्या. "तुमचे डॉक्टर आपापला टोक धरून बसतत."

मी ते कागद आमच्या विभागप्रमुख मॅडमना दाखवले. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले. "खाज नाही, अंगावर गांधी नाहीत, गोळीने फरक नाही. मग ॲलर्जी म्हणून लिहिलंस कशावरून?" त्यांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. निकाल आले. ल्युपस होता, म्हणजे शरीराची संरक्षक यंत्रणा शरीरावरच उलटली होती. रक्तातले जे प्रथिन अशी सूज आवरून धरते, तेही त्या आजारात खर्ची पडत होते. मासळीचा काही संबंध नव्हता.

मी धावतच खाटेपाशी गेलो. "शेवंतीबाई, मासे खा. पोटभर खा."

त्यांनी पदर सोडला. मग म्हणाल्या, "म्हणजे वयनीची वाटी फुकटच बंद झाली?"

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. कागदावर लिहिलेले लोक मानतात, यावर माझा गाढ विश्वास. घरी सोडताना मी इस्पितळाच्या कागदावर स्वच्छ मराठीत लिहून दिले: 'या बाईंना मासळीने काहीही होत नाही. त्यांना कोणीही जेवायला बोलवावे.' खाली सही, शिक्का. ल्युपससाठी सुरू केलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, हेही बजावले. त्यांनी कागद कपाळाला लावून पिशवीत ठेवला.

दीड महिन्याने त्या आल्या. सूज एकदाही आली नव्हती. रिपोर्ट पाहून मी खूश झालो. पदर पुन्हा तोंडावर होता, मला सवय वाटली. "मासे खाल्ले का?" मी विचारले.

"एकदा हाडलंय बाजारातसून. एकटीक कितीसो लागता?" एवढे बोलून त्या उठल्या.

पुढच्या तारखेला त्या आल्या नाहीत. त्यानंतर काही दिवसांनी एक बाई ती पिशवी घेऊन वॉर्डात उभी राहिली. रुक्मिणीवहिनी.

"शेवंती गेली," त्या म्हणाल्या. "भर दुपारी दारात आडवी होती, तोंडावर पदर. आमका वाटला, निजली हा."

त्या गोळ्यांनी चेहरा गोल होतो. मला ते ठाऊक होते, पण बाईंना सांगायचे राहून गेले होते. वहिनींकडून कळले, चाळीतल्या बायकांनी तो भरलेला चेहरा पाहिला, मोरीपाशी बांगड्याचे काटे पाहिले. म्हणाल्या, "बघ, मासे खाल्लंस, सगळा तोंड सुजला." ते ऐकून, गोळ्यांचा काही उपयोग नाही असे समजून शेवंतीबाईंनी त्या बंद केल्या. सूज पुन्हा घशात उतरली असणार.

"मीच बोललंय तसा," वहिनी म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी माझा कागद काढला. त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. "ह्यो कधी दाखवल्यान नाय आमका. दाखवल्यान असतो तर..."

कागद दाखवून वाटी मागायची नाही, असेच शेवंतीबाईंनी ठरवले असावे. जिथे मी स्वतः जायला हवे होते, तिथे मी शिक्का पाठवला होता. परळहून काळाचौकी चालत अर्ध्या तासावर आहे.

आता गोळ्यांनी काय काय होईल ते मी आधी सांगतो, घरच्यांना समोर बसवून. आणि प्रत्येक रुग्णाला विचारतो, "जेवायला सोबत कोण असतं?" केसपेपरवर त्यासाठी रकाना नाही. उत्तर मी समासात लिहितो.