फॉल-पिकोवाल्या अक्कांचं मत

नवा गेम बघायला बसल्या की अक्का आधी टीव्हीचा रिमोट उचलायच्या आणि आवाज बंद करायच्या. कमी नाही, पूर्ण बंद. मग कपाळावरचा चष्मा नाकावर आणून, कंट्रोलर मांडीवर घेऊन म्हणायच्या, "आता देखू दे, याच्यात आहे काय ते."

त्यांचं म्हणणं असं की स्फोट आणि संगीत काढून घेतल्यावरही जो गेम हातातून सोडवत नाही, तोच खरा. आमच्याकडे आलेले निम्मेअधिक गेम या परीक्षेत नापास झाले.

जळगावात एका जुन्या व्यापारी संकुलाच्या पहिल्या मजल्यावर माझं गेमिंग पार्लर होतं. चार टीव्ही, चार कन्सोल, कोपऱ्यात दोन कॉम्प्युटर आणि खिडकीत एक मोठा कूलर. बरोबर खाली अक्कांचं दुकान. साडीला फॉल-पिको आणि ब्लाउज शिलाई. मी आलो तेव्हा त्यांना तिथे तीसेक वर्षं झाली होती. वय छप्पन्न-सत्तावन्न, माहेर भडगावचं, सासर फैजपूरचं. गिऱ्हाइकांशी त्या शहरी मराठी बोलायच्या, पण रंगात आल्या की भडगाव बाहेर यायचं, 'आहे'चं 'शे', 'हा'चं 'हाऊ' आणि 'सगळा'चं 'बठ्ठा' व्हायचं.

त्या पहिल्यांदा वर आल्या त्या भांडायला. माझे स्पीकर नवे होते आणि प्रत्येक धमाक्याला खाली त्यांच्या मशीनचं टेबल थरथरत होतं. गळ्यात मोजपट्टी, ब्लाउजच्या काठाला टोचलेल्या चार टाचण्या. "भाऊ, वर भिंत पाडताय का?" एवढंच विचारलं. मी माफी मागून आवाज कमी केला. त्या वळल्या आणि दारातच थांबल्या. समोर दोघेजण मारामारीचा गेम खेळत होते. त्यातला एक सारखा हरत होता. अक्का दोन फेऱ्या नुसत्या बघत राहिल्या. मग हरणाऱ्याला म्हणाल्या, की समोरचा दर वेळी उडी मारायच्या आधी एक पाऊल मागे घेतो, तेव्हाच मार ना त्याला. त्याने तसं केलं. जिंकला. जिंकणारा आणि हरणारा, दोघंही मान वळवून त्यांच्याकडे बघायला लागले.

मी खुर्ची पुढे केली. त्या म्हणाल्या, ब्लाउज द्यायचा आहे, वेळ नाही. आणि बसल्या.

जळगावची दुपार तुम्हाला ठाऊक असेल. एक ते चार रस्त्यावर चिटपाखरू नसतं, फॉल-पिकोला कोण येणार. अक्का शटर अर्धं ओढून वर यायच्या, कूलरसमोरची खुर्ची धरायच्या आणि खेळायच्या. महिनाभरात त्यांची बोटं अशी चालायला लागली की आम्ही बघत बसायचो. इतकी वर्षं बारीक टाका घातलेला हात. त्याला कुठे किती दाब द्यायचा हे शिकवावं लागलं नाही.

पण त्यांचं खरं वैभव म्हणजे त्यांची मतं. ती त्या कुणाचीही भीड न ठेवता द्यायच्या.

एक फार गाजलेला गेम होता. प्रचंड जग, घोडा, डोंगर, जंगलं. नकाशा उघडला की सगळीकडे खुणाच खुणा. इथे पेटी उघड, तिथे पिसं गोळा कर, अमक्याचा निरोप तमक्याला दे. सगळे त्याच्यावर खूश. अक्का तीन दुपारी खेळल्या आणि कंट्रोलर ठेवून म्हणाल्या, "ही घरकामाची यादी शे. मी घरची करून इथे आलेय."

दुसरा एक गेम सगळ्यांना छळणारा. उद्ध्वस्त राज्य, एकटा योद्धा, आणि प्रत्येक वळणावर दोन फटक्यांत मारून टाकणारा राक्षस. तिथे माझी तरणी गिऱ्हाइकं शिव्या देऊन उठून जायची. अक्का एका राक्षसापुढे आठवडाभर मेल्या. रोज. कुरकुर नाही. हाऊ प्रामाणिक शे, म्हणायच्या, मारतो तेव्हा चूक माझीच असते, मला दिसते. आठव्या दिवशी राक्षस पडला तेव्हा त्यांनी हात वर केले नाहीत, ओरडल्या नाहीत. नुसतं माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचे डोळे असे चमकत होते की मीच टाळ्या वाजवल्या.

सैन्य-साम्राज्याच्या एका गेममध्ये त्यांचा पहिला प्रश्न होता, हे लोक जेवतात कधी? मी सांगितलं, यात तसं काही नाही, शिपाई तयार केले की लढतात. झालं, तो गेम त्यांच्या लेखी संपला. मग मी एक जुना, किचकट गेम लावून दिला, ज्यात कोठारात धान्य नसेल तर फौज वाटेतच पांगते. त्यावर त्या फिदा. एकेक डाव ठरवायला दहा मिनिटं घ्यायच्या आणि कॉम्प्युटरची पाळी आली की खाली जाऊन एक हुक-पट्टी लावून परत यायच्या. त्या गेममध्ये त्यांची फौज कधी उपाशी राहिली नाही.

आणि मारामारीच्या गेममधल्या बायकांचे कपडे. हे मी शब्दांत कसं सांगू. प्रत्येक नवी योद्धी पडद्यावर आली की अक्का खेळ थांबवून जवळ जाऊन बघायच्या. ही एवढी कोलांटी मारते, हिच्या खांद्याला शिलाई कुठाय? शिंप्याला न विचारता काढलेलं चित्र आहे हे, असा निकाल द्यायच्या आणि पुन्हा खेळायला बसायच्या.

हळूहळू लोक खेळायला येण्याआधी खाली डोकावू लागले. "अक्का, तो नवीन कसा आहे?" मशीन न थांबवता उत्तर यायचं. ज्या गेमला अक्का "बठ्ठा देखावा" म्हणाल्या, तो माझ्याकडे कुणी मागत नसे.

मग धुळ्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची स्पर्धा आली. गेम तोच, मारामारीचा, जो आमच्याकडे रोज खेळला जायचा. आमच्या पार्लरमधल्या सगळ्यांनी एकमताने अक्कांचं नाव दिलं. त्या आधी नाही म्हणाल्या. दोन दिवसांनी विचारलं, साडी चालेल का.

त्या गेमविषयी अक्कांचं एक ठाम मत होतं. त्यात लांब तलवारीचा एक योद्धा आहे. दूर उभं राहून तलवार फिरवत राहिलं की समोरचा जवळ येऊच शकत नाही. सगळे तोच घेतात. अक्का म्हणायच्या, बनवणाऱ्यांनी नीट मोजमाप न करता सोडून दिलेला माणूस आहे तो. त्या स्वतः एक गलेलठ्ठ पहिलवान घ्यायच्या. हळू चालणारा, पण एकदा हात लागला की उचलून आपटणारा. जगात तो कुणी घेत नाही.

धुळ्याला हॉलच्या दाराशी नोंदणीच्या टेबलावरच्या मुलाने मला क्रमांक दिला आणि अक्कांना म्हणाला, काकू, पालकांसाठी मागच्या खुर्च्या. अक्कांनी माझ्या हातातला क्रमांक घेऊन साडीला टाचणीने लावला. तो मुलगा बघतच राहिला.

आत भयंकर गोंगाट. तिथे आवाज बंद करायची सोय नव्हती. अक्कांनी पर्समधून ब्लाउजच्या पॅडचा थोडा कापूस काढला, दोन्ही कानांत घातला आणि बसल्या. पहिला सामना त्यांनी दीड मिनिटात संपवला. दुसऱ्याला हॉलमध्ये कुजबुज. तिसऱ्याला मागची मुलं खुर्च्यांवर उभी राहिली. उपांत्य सामन्यात पहिलवानाने समोरच्याला सलग तीनदा उचलून आपटलं तेव्हा जो गलका झाला, तो कापसातूनही पोचला असणार, कारण अक्का हसल्या.

अंतिम सामना त्याच कॉलेजच्या तिसऱ्या वर्षातल्या मुलीशी. दोन वर्षं ती तिथे हरलेली नव्हती. बारीक अंगाची, केस घट्ट बांधलेले, डोळे पडद्यावरून हलत नाहीत. तिने अर्थातच तलवारवाला घेतला.

पाच फेऱ्यांचा सामना. पहिली तिची, दुसरी अक्कांची. तिसरी तिची, चौथी अक्कांची. दोन-दोन. शेवटच्या फेरीआधी योद्धा बदलता येत होता. मी धावत त्यांच्याजवळ गेलो, कानातला कापूस काढला आणि सांगितलं, अक्का, तुम्हीही तलवारवाला घ्या, तुम्हाला तो तिच्यापेक्षा जास्त माहीत आहे. ते खरं होतं. त्याची खोट शोधायची म्हणून त्या महिनाभर तोच घेऊन खेळल्या होत्या.

अक्का म्हणाल्या, "त्याला मी चारचौघांत वाईट म्हटलंय. आता तोच घेऊ?"

आणि कापूस परत कानात घातला.

ती शेवटची फेरी मला अजून पाऊलनपाऊल आठवते. पहिलवान तलवारीचे घाव खात, एकेक पाऊल सरकत पुढे. दोघांचीही ताकद संपत आलेली. अक्का जवळ पोचल्या, पहिलवानाने हात पुढे टाकला, आणि त्याच क्षणी तलवारीचं टोक त्याला लागलं. केसाइतकी ताकद शिल्लक होती मुलीची. पण शिल्लक होती.

हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता, आणि त्यातल्या जास्त टाळ्या अक्कांसाठी होत्या. निवेदकाने त्यांच्यासमोर माइक धरला. काकू, कसं वाटलं? आता या बाईला मत विचारायचं नसतं हे त्याला काय माहीत. अक्का म्हणाल्या, स्पर्धा छान, खुर्च्या वाईट. गेम चांगला, पण एक माणूस त्यात चुकलाय. मग मुलीकडे वळून म्हणाल्या, "पोरीचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. पण ती तलवारीमागे लपते."

टाळ्या थांबल्या. मुलीचा चेहरा उतरला. बक्षीस घेताना ती अक्कांकडे बघत नव्हती, आणि हस्तांदोलन न करताच निघून गेली.

परतीच्या एसटीत पारोळ्यापर्यंत अक्का कानातल्या कापसाचा बोळा बोटांत वळत होत्या. मग त्यांनी विचारलं, जास्त बोलले का मी? मी म्हणालो, हो. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "माले कधी कोणी इचारलं नही ना, भाऊ. म्हणून इचारलं की बठ्ठं सांगी टाकस." आणि मग सांगू लागल्या. लग्न ठरलं तेव्हा घरात सगळ्यांना विचारलं होतं, मुलगा कसा वाटला. थोरल्या काकांना, आत्याला, शेजारच्या गुरुजींनासुद्धा. एकट्या अक्कांना सोडून.

"आणि तुम्हाला कसा वाटला होता?" मी विचारलं.

"चांगला वाटला व्हता. अजून चांगला शे. पन इचाराले पाहिजे व्हतं."

त्यांचे यजमान, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, खरंच चांगले होते. कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी, बोलणं कमी. बसस्थानकावर डबा घेऊन उभे होते. हरलीस का, असं त्यांनी विचारलं नाही. भरीत आणलंय, म्हणाले.

पुढे काही महिन्यांनी नाना निवृत्त झाले आणि दोघांनी फैजपूरला जायचं ठरवलं. नानांच्या भावाची तिथे केळीची बाग, घर मोठं, आणि म्हाताऱ्या सासूबाईंना माणूस हवं होतं. या वेळी नानांनी अक्कांना विचारलं होतं की नाही, ते मला माहीत नाही. मशीन टेम्पोत चढलं, शटर खाली आलं. माझ्या पार्लरात पुढचे पंधरा दिवस दुपारी कूलरसमोरची खुर्ची कुणी घेतली नाही.

आणि एका रविवारी सकाळी पार्लरच्या दारात ती धुळ्याची मुलगी उभी. पाठीला सॅक. अक्का कुठे आहेत, तिने विचारलं. मला वाटलं भांडायला आली. मी चाचरत सांगायला लागलो, की त्यांच्या मनात तसं काही नव्हतं.

"बरोबर बोलल्या त्या," ती म्हणाली. "मी रडले त्या दिवशी. पण बरोबर होतं. चार महिने तलवारवाला घेतला नाही. मला त्यांना दाखवायचंय."

मी पार्लरचं शटर ओढलं. एक कन्सोल आणि दोन कंट्रोलर पिशवीत घातले आणि आम्ही फैजपूरची एसटी पकडली.

अक्का ओट्यावर केळीचे वेफर वाळत घालत होत्या. मुलीला ओळखलं आणि उठून उभ्या राहिल्या. मुलीने सॅक खाली ठेवली आणि म्हणाली, "अक्का, एक सामना."

पुढच्या खोलीतल्या टीव्हीला मी वायरी जोडल्या. मुलीने एक छोटी, चपळ कसरतवाली घेतली, जिला ना तलवार ना ताकद. पहिलवानाच्या हाताखालून निसटायची, मागून यायची, एक टोला देऊन पुन्हा दूर. अक्का पहिली फेरी हरल्या. दुसरीही. तिसऱ्या फेरीला त्या पुढे सरकून पाटाच्या कडेवर बसल्या होत्या, पदर खोचलेला, आणि हरताना इतक्या जोरात हसत होत्या की आतून सासूबाईंनी काय झालं म्हणून हाक मारली.

तीन-शून्य. अक्कांनी कंट्रोलर खाली ठेवला आणि मुलीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यातल्या एकेका बोटाकडे त्या बघत राहिल्या. मत काही दिलं नाही. मुलीनेही विचारलं नाही.

दारात गल्लीतल्या पाच-सहा बायका जमल्या होत्या. अक्कांची थोरली जाऊ, नानांच्या भावाची बायको, तोंडावर पदर धरून केव्हापासून बघत होती. सत्तरीची असेल. ती पुढे आली, मुलीशेजारी मांडी घालून बसली आणि म्हणाली, "मले दे बरं."

संध्याकाळची एसटी गाठायची होती म्हणून आम्ही निघालो. कन्सोल सोडवून घ्यायचा मला धीर झाला नाही, तो तिथेच ठेवला. गल्लीच्या वळणावर मागे पाहिलं तर अक्का आम्हाला पोचवायला ओट्यावर आल्या होत्या. पण तोंड आमच्याकडे नव्हतं. त्या खिडकीतून आत वाकून जावेला सांगत होत्या, मागं सर, जाऊबाई, मागं सर, आता मार.