व्यसन नाही, मिशरी आहे

"तंबाखू खातेस?"

"न्हाय, मॅडम."

"दारू, गुटखा?"

"अगं बया! न्हाय."

केसपेपरवर 'व्यसन' या शब्दापुढे मी 'नाही' लिहिलं. रेश्मा शेळगावची. पाळी चुकून जेमतेम आठवडा झाला होता, आणि ती सासूला घेऊन इंदापूरला माझ्या दवाखान्यात आली होती. तिच्या पहिल्या मुलाचा ओठ जन्मतःच फाटलेला. ऑपरेशन होऊन तो आता बरा आहे. पण हिला एकच धास्ती, दुसऱ्यालाही तसंच झालं तर?

मी फोलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या. तिला जरा धीर आला, ती हसली. दात काळे.

"हे काय गं?"

"मिशरी हाय. दाताला लावतो आमी."

"मग तंबाखू नाही कशी म्हणालीस?"

सासू मध्ये पडली. "ती कुठं तंबाखू? दाताचं औषध हाय. थोरल्याच्या येळी हिची दाढ दुखत हुती, तवा मीच दिली."

चूक माझीच. मिशरी म्हणजे तव्यावर जाळलेली तंबाखूच, पण इकडे तिला कुणी व्यसन म्हणत नाही. इतकी वर्षं प्रॅक्टिस करून हे मला कळायला हवं होतं. आता मी सरळ विचारते, दात कशाने घासता?

दोघींना समजावलं. हिरड्यांतून निकोटीन रक्तात जातं, तिथून गर्भाकडे. बाळाचा ओठ आणि टाळू पहिल्या तीन महिन्यांतच जुळतात. पहिल्याचं मिशरीमुळेच झालं असं सांगता येत नाही, पण धोका वाढतो. सासूने, हौसाबाईंनी, कमरेची मिशरीची डबी काढून माझ्या टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "घरात डबी ऱ्हायली तर ही लावणारच. मीबी सोडते."

खरं सांगते, माझा विश्वास बसला नाही. चाळीस वर्षांची सवय! पण दोन आठवड्यांनी तपासणीला आल्या, तेव्हा सुनेपेक्षा सासूच आजारी दिसत होती.

"डोकं धरतंय, परसाकडं हुईना. पर हात लावला न्हाय."

मला त्या बाईचं फार कौतुक वाटलं. पोट साफ व्हायचं औषध त्यांनाच लिहून दिलं.

दिवस भरले, रेश्मा बाळंत झाली. दाराशी थांबलेली माणसं पहिला प्रश्न कोणता विचारतात, हे वेगळं सांगायला नको. हौसाबाईंनी विचारलं, "व्हट?"

"नीट आहे. टाळूही."

त्या हमसून हमसून रडल्या. मुलगी झालीय, हे मला आपणहून सांगावं लागलं.

मिशरी सोडली म्हणूनच ओठ नीट आला, असं मी लिहून देणार नाही. पण ती सोडवायला डॉक्टरची चिठ्ठी पुरत नाही, सासू लागते, हे कुठेही लिहून देईन.